जवारी मिरचीच्या एकाच पुडीतल्या बियातनं तीन तऱ्हेची झाडं कशी काय आली?

उचगावचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, जरा डोकं खाणारा विषय आहे, शेतीवाल्यांनी पण बघा आणि मसालेवाल्यांनी पण. आमचं मूळ हुक्केरी तालुक्यातलं, आता बेळगावजवळ राहतोय, घरामागं दोन गुंठ्याची जागा आहे तिथं आई दरसाल मिरची लावते. बी घरचंच, आजीच्या हातचं, संकेश्वरी जवारी (गावठी). म्हणजे लांब, बारीक, टोकाला सुईसारखी, भाजीत दोन टाकल्या की पाहुण्याच्या डोळ्यात पाणी. चांगल्या पिकलेल्या मिरच्या देठासकट दोऱ्यात ओवायच्या, स्वयंपाकघरातल्या फळीला टांगायच्या आणि मिरगाच्या आधी त्यातलंच बी काढून तरवा टाकायचा, हे आजीपासनं चालत आलंय.

यावर्षी एकतीस झाडं जगली. आता तोडायला आल्यावर बघतोय तर काय, निम्मी झाडं बरोबर आपली नेहमीची, खाली लोंबणारी, लांब. काही झाडांना आखूड मिरच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, देठाजवळ खांद्याला फुगीर. आणि सात झाडांच्या मिरच्या चक्क आभाळाकडं तोंड करून उभ्या! मी मुद्दाम दोनदा मोजलं, सातच. काल पोराची पट्टी घेऊन पेपरवर सगळ्या मांडून मापल्या, लांबातली लांब साडेतेरा सेंटीमीटर भरली आणि उभ्यातली सगळ्यात बारकी चार. एकाच पुडीतलं बी हो. शिवाय काही हिरव्या मिरच्यांवर काळपट जांभळे डाग आलेत, कीड नाही, पुसून बघितलं, जात नाहीत.

शेजारचे म्हणतात खत जास्त झालं. आमचे एक काका म्हणतात अमावास्येला लावलं असणार. आई म्हणते बी खराब झालं, आजी गेली तिच्याबरोबर सगळं गेलं. कुणाला खरं काय ते माहीत आहे का? आणि बाजारात संकेश्वरी म्हणून देतात ती संकेश्वरीच आहे हे नुसतं बघून कसं ओळखायचं, हे पण सांगा, कारण आता मला माझ्याच घरच्या मिरचीचा भरवसा राहिला नाही.

शिवारातला_अण्णा
पाहुणं, खतानं मिरची उभी राहत नाही, अमावास्येचं तर नावच नको. खतानं काय होतंय, झाड माजतंय, पानं गडद होतात, मिरची जरा मोठी-बारकी होईल, खरं तोंड खालचं वर होत नाही. बियातच घोळ आहे.

आता जवारीचं ऐका. आम्ही संकेश्वरच्या पट्ट्यातलेच, हिरण्यकेशीच्या अलीकडं-पलीकडं, गडहिंग्लजपतूर ही मिरची पूर्वीपासनं आहे. मधी महाराष्ट्र-कर्नाटकची हद्द आहे ती आपल्याला, मिरचीला नाही. आमच्याकडं जवारी म्हणजे काय एकसारखी साच्यातनं काढल्यासारखी मिरची नव्हे. माझ्या वडलांच्या मिरचीत आणि भावकीतल्या मिरचीत फरक होता, त्यांची जरा जाड सालीची, आमची पातळ. आमची वाळली की विटकरी लाल पडायची, त्यांची जरा काळसर. प्रत्येक घरातल्या बाईनं आपल्याला पटेल तसल्या मिरचीचं बी धरलेलं, चाळीस-पन्नास वर्षं तेच केलं की घराघराची मिरची वेगळी होती, नाव मात्र सगळ्यांचं एकच. त्यामुळं थोडं उन्नीस-बीस असणारच. पण उभी मिरची? नाही, ती आमच्यात कधीच नव्हती. कुठली तरी दुसरी जात शिरलीय.

बाजारातलं म्हणशील तर देठ बघ. खऱ्या जवारीचा देठ लांब आणि जरा बाकदार असतोय, आणि देठाची टोपी मिरचीच्या खांद्यावर चपखल बसलेली, खांदा टोपीच्या बाहेर फुगलेला नसतोय. मिरची मधोमध मोडली की कडक आवाज येतोय. हे मी माझ्या शिवारातल्या मिरचीवरनं सांगतोय, दुसऱ्यानं वेगळं सांगितलं तर भांडायला येऊ नका.

निपाणीकर_तंबाखू
काकांना सांगा अमावास्येला लावलेली मिरची उभी राहत असती तर आमचा तंबाखू एव्हाना पळाला असता 😂

कांडप_आक्का
मी शहापुरात मिरची कांडायचा डंक चालवतो. (मी बाईच आहे हो, बाहेरच्यांनी गडबडू नये, आमच्यात बायका असंच बोलतात.) शिमग्याच्या आधीपासनं ते पाडव्याच्या पुढंपर्यंत सकाळी सहाला रांग लागते, लोक पिशव्या घेऊन येतात आणि प्रत्येकजण म्हणतो माझी ब्याडगी ओरिजिनल आहे. अहो मी पिशवी उघडली की वासावरनं सांगतो.

बघून ओळखायचं तर ब्याडगीत दोन प्रकार, कड्डी आणि डब्बी. कानडीत कड्डी म्हणजे काडी, तशीच ती, लांब सडसडीत आणि अंगभर सुरकुत्या. या सुरकुत्या वाळवल्यामुळं पडत नाहीत, पिकता पिकता झाडावरच पडायला लागतात, साल पातळ असते म्हणून. डब्बी म्हणजे डबीसारखी, आखूड, फुगलेली, बी जास्त आणि रंग तर विचारू नका, गडद. दोन्हीत तिखटपणा कमी. गुंटूरची असते ती सरळ, चकचकीत, साल जाड, सुरकुती फारशी नाही, हातात घेतली की गुळगुळीत लागते आणि तिखटाला जोरदार. संकेश्वरी लांब बारीक पण ब्याडगीइतकी चुरगाळलेली नसते, रंग पण तसा लालभडक नाही, तिखट मात्र झोंबरं. म्हणून आमच्याकडं जाणती बाई कधी एकाच मिरचीची चटणी करत नाही, रंगाला ब्याडगी आणि जाळाला संकेश्वरी. किलोला किती हे ज्याच्या त्याच्या घरातल्या पुरुषाच्या पोटावर अवलंबून.

एक सांगतो, बघण्यावर फार जाऊ नका. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्यानं मला दोन पोती कड्डी म्हणून दिली, दिसायला फोटो काढावा अशी, सुरकुत्या, लांबी, सगळं जिथल्या तिथं. घरी आणून खाली हात घातला तर मधली मिरची दमट, वजनाला पाणी मारलेलं, आणि दळल्यावर रंग नारिंगी. आठ दिवस उन्हात घालून तेवढीच वाया. आता मी मिरची घेताना अंगठा ओला करून सालीच्या आतल्या बाजूला घासतो, चांगली असेल तर अंगठा लाल होतो आणि दोन वेळा धुतला तरी राहतो. मार्केटात आता आकड्यांची नावं पण ऐकू येतात, ५५३१, २०४३, हायब्रिड, दिसायला ब्याडगीच्या बहिणी. वाईट आहेत असं नाही, खरं ब्याडगी म्हणून ब्याडगीच्या भावानं देऊ नका एवढंच.

घाटमाथा_खानापूर
आमच्याकडं जंगलाच्या बाजूला परसात ती बारकी उभी मिरची असतेच, पाखरं खाऊन बी टाकतात आणि कुठं पण उगवते. पाहुण्यांच्या परसात पण पाखरानंच टाकली असणार. आणि ऐका, उभी मिरची नेहमी जास्त तिखट असते, तोंड उन्हाकडं असतंय ना, म्हणून ऊन खाऊन तिखट होते. चोर्ल्याच्या खाली गोव्यात काणकोणची खोला मिरची बघा, डोंगराच्या उतारावर पावसाळ्यात करतात, ती लोंबती आहे आणि तिखटाला बेताची, रंगाला छान. म्हणजे बरोबर झालं की नाही माझं.

रोप_आणि_कुंडी
आरभावीला हॉर्टिकल्चर केलंय, आता नर्सरी चालवतो, त्यामुळं जरा लांबलचक लिहिणार, वैताग आला तर सोडून द्या.

आधी खानापूरवाल्या भाऊंचं. उभं असणं आणि तिखट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा एकमेकीशी संबंध नाही. मिरचीचं तिखट म्हणजे कॅप्सेसिन, ते तयार होतं आतल्या पांढऱ्या शिरेत, जिथं बिया चिकटलेल्या असतात तिथं. बी स्वतः तिखट नसतं, शिरेला घासून घासून त्याला लागतं म्हणून तिखट वाटतं. त्यामुळं बाहेरून मिरचीचं तोंड कुठं आहे, ती लांब आहे की बुटकी, यावरनं तिखटपणा सांगता येत नाही. कुंडीत लावायच्या शोभेच्या मिरच्या बघा, उभ्या असतात, त्यातल्या काही जाळ असतात आणि काही अगदीच मिळमिळीत. उभ्या मिरच्या तिखट असं आपल्याला वाटतं कारण आपल्या ओळखीच्या उभ्या मिरच्या, म्हणजे मलनाडातली जीरिगे मेणसू किंवा केरळची कांथारी, या योगायोगानं तिखट आहेत. कांथारी तर जातच वेगळी.

जात वेगळी म्हणजे काय ते फुलावरनं कळतं, फळावरनं नाही, आणि ही गोष्ट मला स्वतःला शिकताना फार आवडली होती. माणसानं लागवडीत आणलेल्या मिरचीच्या पाच जाती आहेत (जात म्हणजे इथं स्पीशीज, वाण नव्हे). आपली ब्याडगी, संकेश्वरी, गुंटूर, ज्वाला, इतकंच काय ढबू मिरची सुद्धा, सगळ्या एकाच जातीतल्या, कॅप्सिकम अ‍ॅन्युअम, हिचं फूल पांढरं आणि साधारण एका पेऱ्यावर एकच. कांथारीसारख्यांचं फूल हिरवट पांढरं आणि एका पेऱ्यावर दोन-तीन. ईशान्येकडची भूत जोलोकिया तिसऱ्या जातीची, तिच्यात पिकलेल्या मिरचीची टोपी आणि देठ जिथं जुळतात तिथं एक आवळल्यासारखी कडी दिसते. उरलेल्या दोन दक्षिण अमेरिकेतल्या, एकीच्या पाकळ्यांवर पिवळे-हिरवट ठिपके आणि दुसरीचं फूल जांभळं, पान लवदार आणि बी चक्क काळं. म्हणजे ब्याडगी आणि ढबू दिसायला जमीन-अस्मान, पण सख्ख्या बहिणी, आणि कांथारी आणि बारकी लवंगी दिसायला जुळ्या, पण घराणं वेगळं असू शकतं.

आता पाहुणे, तुमच्याकडं येतो. पाखरानं टाकलेलं बी म्हणाल तर ते एक-दोन झाडं, पुडीतल्या तरव्यात सात नाही. मिरची स्वतःचं परागीकरण स्वतः करते हे बरोबर, पण माशा आणि मुंग्या दुसऱ्या फुलावरचं परागकण आणतात आणि बऱ्यापैकी संकर होतो. म्हणून सरकारी प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या मिरचीपासून २०० मीटर आणि पायाभूत बियाण्याला ४०० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. दोन गुंठ्यात ते शक्य नाही.

पण एक गोष्ट मला खटकतेय. मिरचीत लोंबतं असणं प्रभावी असतं आणि उभं असणं मागं लपणारं. म्हणजे जवारीच्या फुलावर उभ्या मिरचीचं परागकण पडलं तरी त्या बियातनं आलेलं झाड लोंबतंच दिसणार. उभेपणा त्याच्यात लपून राहणार आणि त्याच्या पुढच्या पिढीत चारात एक या हिशोबानं बाहेर येणार. तुमची एकतीसात सात. चारात एक काढा, पावणेआठ. म्हणजे हा घोळ गेल्या वर्षीचा नाही, त्याच्या आधीच्या वर्षीचा आहे! म्हणून तीन प्रश्न विचारतो, नीट आठवून सांगा. दोन वर्षांपूर्वी तुमच्या आसपास उभी मिरची होती का? गेल्या वर्षी एखादं झाड बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं का? आणि यंदाचं बी किती झाडांचं होतं, एकाचं की अनेकांचं?

जांभळ्या डागांचं सोपं आहे. डिसेंबरात रात्री थंडी पडते, दिवसा ऊन, अशा वेळी हिरव्या मिरचीवर उन्हाच्या बाजूला जांभळा रंग चढतो. पिकल्यावर लाल होऊन जातो. पानाखाली झाकलेली बाजू बघा, तिथं डाग नसणार.

घाटमाथा_खानापूर
बरं बरं, मान्य. पण माझ्या परसातली तिखट आहे हे मात्र खरं, हवं तर येऊन खाऊन बघा 😄

उचगावचा_पाहुणा
रोपवाले साहेब, तुम्ही ज्योतिष पण बघता काय? वाचल्यावर अंगावर काटा आला. आईला समोर बसवलं आणि एकेक विचारत गेलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू होते, त्यांनी नर्सरीतनं शोभेची मिरची आणून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेली, रंगीबेरंगी, तोंड वर करून लागणारी. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, कुंड्या पण घेऊन गेले. म्हणजे गेल्या वर्षी ती नव्हतीच, म्हणून मला आठवलं नव्हतं. आणि आमची मिरची त्या भिंतीच्या कडेलाच असते, मधी चार हात पण अंतर नाही.

गेल्या वर्षी चुरडा-मुरडा आला, सगळी झाडं आकसली, पानं वाटीसारखी. त्यातनं एकच झाड तगलं आणि काय धरलं म्हणून सांगू, फांदी वाकली. आई तेव्हापासनं त्याच झाडाचं कौतुक करतेय. त्याच्या मिरच्या जरा आखूड होत्या हे तिला आता आठवलं, पण खाली लोंबत होत्या आणि तिखट होत्या म्हणून तिनं काही मनावर घेतलं नाही. आणि यंदाचं सगळं बी त्या एकाच झाडाचं! बाकीच्या रोगट झाडांचं बी कशाला धरायचं, म्हणून.

डागाचं पण बघितलं. पान उचललं तर खाली स्वच्छ हिरवी. मग एक आखूड मिरची उभी चिरली, एक लांब चिरली, आतली पांढरी शीर दोन्हीत आहे पण आखूड मिरचीत ती जाड, जवळजवळ टोकापर्यंत गेलेली, लांबमधे वर देठाजवळच दाट आणि खाली दोऱ्यासारखी. नुसती शीर जिभेला लावली (मूर्खपणा), अर्धा तास ताक पीत बसलो होतो. मग बी एक धुऊन चावून बघितलं, तुम्ही म्हणता तसं, फारसं काही नाही.

रोप_आणि_कुंडी
😂 शीर जिभेला लावायला मी सांगितलं नव्हतं बरं.

पण आता सगळं जुळलं. दोन वर्षांपूर्वी माशीनं भिंतीवरच्या कुंडीतला पराग तुमच्या जवारीच्या फुलावर आणला. त्या वर्षी तुम्हाला काही दिसणार नव्हतंच, कारण फळाची साल, गर, शीर हे सगळं आईच्या झाडाचं असतं, बापाचा वाटा फक्त आतल्या बियात. (लोक म्हणतात ना ढबूशेजारी मिरची लावली की त्याच वर्षी मिरची गोड होते, ते म्हणूनच चूक.) गेल्या वर्षी त्या एका बियातनं संकराचं झाड आलं, पहिल्या पिढीचं संकर म्हणून जोमदार, म्हणूनच रोगात सुद्धा टिकलं आणि भरपूर धरलं. आखूड मिरची हीच काय ती खूण होती. आणि ते झाड भारी दिसलं म्हणून नेमकं त्याचंच बी धरलं गेलं. आईंची काही चूक नाही हो, शेतकरी हजारो वर्षं असंच करत आलाय, चांगलं दिसेल त्याचं बी ठेवायचं. फक्त चांगलं का दिसतंय हे फळावर लिहिलेलं नसतं.

निपाणीकर_तंबाखू
चेष्टा बाजूला, हे वाचून मला एक कायम वाटत आलेली गोष्ट लिहावीशी वाटली. मिरची आपली नव्हेच, मेक्सिकोच्या बाजूची, पोर्तुगीजांनी आणली, म्हणजे फार तर साडेचारशे-पाचशे वर्षं झाली. एवढ्या काळात आपल्या देशात तिची किती सोंगं झाली बघा. नोकरीनिमित्त फिरतीवर असतो म्हणून जिथं जाईन तिथली मिरची आणतो, बायको वैतागलीय. रामनाथपुरमची मुंडू, गोल, बोरासारखी, वाळली की आत बिया खुळखुळतात, पोरांचा खुळखुळाच. सिक्कीमची डल्ले, ती पण गोल, चेरीसारखी लालबुंद, पण तिखट असली की आपली संकेश्वरी तिच्यापुढं बाळ. वरंगळची चपाटा, टोमॅटो चपटा करून वाळवल्यासारखी, जाड, लाल, तिखट कमी. भूत जोलोकिया वर तर खाचखळगे, कातडं चुरगाळल्यासारखं, २००७ साली गिनीज बुकात दहा लाखाच्या वर स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं माप) म्हणून जगात तिखट ठरलेली. आणि आपल्या शेजारी ब्याडगी, २०११ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली, ती बघा पूर्ण उलटी, तिखटाला मान नाही, रंगासाठी जगभर जाते, तिच्यातनं रंगाचा अर्क काढतात आणि तो खाण्यात तर वापरतातच, लिपस्टिकमधे पण घालतात म्हणे. तिकडच्या लोकांनी तिखट धरलं, हावेरी-धारवाडच्या लोकांनी रंग धरला. बोंबला, बेळगावच्या लोकांनी काय धरलं? कंपाउंडच्या भिंतीवरची मिरची.

शिवारातला_अण्णा
नीट बोल रे निपाणीकर, आम्ही वास धरला. जवारी मिरची भाजताना वाटेवरचा माणूस थांबतोय.

पाहुणं, आता कामाचं. ती सात उभी झाडं आणि आखूडवाली, त्यांची मिरची तोडून खा, वाळवा, विका, बी मात्र एक पण धरू नका. आणि लांब लोंबती दिसतात त्यांचं पण बी धरू नका, कारण रोपवाला म्हणतोय तसं त्यातल्या पण निम्म्याच्या वर झाडांत उभेपणा लपलेला असणार, तीन वर्षांनी परत हेच रडगाणं. माझ्याकडं जुनं बी आहे, मिरगाच्या आधी एखादा संकेश्वरकडं येणारा असला तर पुडी देतो, पैसे नकोत. फक्त एक करा, एका झाडाचं बी कधी धरायचं नाही. दहा-पंधरा बरी झाडं बघून, प्रत्येकाच्या दोन-दोन मिरच्या, त्या पण दुसऱ्या तोड्यातल्या. एका झाडावर भरवसा टाकला की काय होतंय ते बघितलंत की.

रोप_आणि_कुंडी
अण्णांचं पटलं. त्यात एक भर: परसात अंतर ठेवता येत नाही, मग कळ्या उमलायच्या आधीच एका फांदीला पातळ मलमलची पिशवी बांधा. मिरची आतल्या आत स्वतःच फळ धरते, रोज सकाळी फांदीला बोटानं एक टिचकी मारायची बस. फळ धरलं की पिशवी काढा आणि तेवढ्याच मिरच्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे तोडताना कळेल बियाची कुठली. आणि बियाच्या मिरच्यांचं पट्टीनं माप, सालीची सुरकुती, देठाची लांबी, टोपीचा आकार असं एका वहीत दरसाल लिहीत चला. पुढं कधी शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदणी करायची म्हटली तर २००१ च्या कायद्यात तशी सोय आहे, तिथं हीच असली मोजमापं विचारतात.

कांडप_आक्का
पाहुणे, त्या आखूड खांदेवाल्या मिरच्या मला एक किलो द्या, वाळवून. रंग कसा उतरतोय ते बघायचंय मला. उभ्या नकोत, त्यांचे देठ काढता काढता बोटं जातात.

उचगावचा_पाहुणा
आक्का, देतो की. अण्णा, पुढच्या महिन्यात गावाकडं लग्न आहे, संकेश्वरवरनंच जाणार, मेसेज टाकतो.

आणि एक शेवटचं. हे सगळं वाचून रात्री स्वयंपाकघरात गेलो तर फळीला यंदाची माळ आधीच टांगलेली. अकरा मिरच्या. त्यातल्या सात आखूड, खांदा फुगलेल्या. आईला म्हटलं ही कुठली? म्हणते, अरे त्या कोपऱ्यातल्या झाडाची, बघ की कसलं धरलंय यंदा.